काळ्या चिलखताच्या मिनी: रंगवून झाल्या की नुसता डाग दिसतो, काय करावं?

शिलेदार

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस इथले धागे नुसते वाचतोय. आज पहिल्यांदाच लिहितोय, कारण आता पुढे काय करावं ते खरंच सुचत नाहीये.

वॉरहॅमर ४०,००० या टेबलावरच्या युद्धखेळातल्या ब्लॅक टेम्पलर्स या योद्ध्यांची दहा जणांची तुकडी घेतली आहे, म्हणजे दहा मिनी, छोट्या मूर्ती. काळं चिलखत, पांढरे शोल्डर पॅड, त्यावर काळा क्रूस, कमरेखाली सोडलेलं कापड, मनगटाला साखळीने बांधलेली तलवार. हे रूप मला फार आवडतं, म्हणून अजिबात घाई करायची नाही असं ठरवूनच बसलो.

केलं ते असं: काळा स्प्रे प्रायमर, त्यावर ॲबॅडन ब्लॅकचे दोन पातळ थर, मग नल्न ऑइलचा वॉश (खाचांत उतरणारा पातळ काळा रंग), आणि शेवटी सगळ्या कडांना डॉनस्टोनची राखाडी रेघ. अशा पाच मिनी पूर्ण झाल्या. दिव्याखाली अगदी जवळ धरल्या तर रेघा तेवढ्या दिसतात. कुणीतरी खडूने बाह्यरेखा काढून आतलं रंगवायचं ठेवून दिल्यासारखं वाटतं. टेबलावर हातभर अंतरावर ठेवल्या की रेघाही जातात आणि उरतो तो डाग. पांढरा कागद मागे धरून फोटो काढले, त्यात तर छातीवरचं कोरीवकाम, गुडघ्याच्या वाट्या, काहीच ओळखू येत नाही.

उरलेल्या पाच जणांवर अजून फक्त प्रायमर आहे. त्या तरी नीट व्हाव्यात. वेगळा काळा रंग घेऊ का? की माझ्या रेघाच जाड हव्यात?

काजळ

शिलेदार, स्वागत. तुमच्या काळ्या रंगात काही खोट नाही. तो फक्त सगळीकडे लावलाय.

लाल चिलखताला सावली द्यायची तर गडद तपकिरी घेता येतो, हिरव्याला काळपट निळा. ॲबॅडन ब्लॅकच्या खाली मात्र उतरायला पायरीच नाही. त्यावर नल्न ऑइल लावलंत म्हणजे काळ्यावर काळं गेलं, आणि खाचा होत्या तशाच राहिल्या. म्हणून काळं चिलखत रंगवताना सुरुवात एक पायरी वरून करायची. मी कॉर्व्हस ब्लॅकने अख्खं चिलखत रंगवते. तो बाटलीत काळाच वाटतो, पण शेजारी खरा काळा ठेवला की राखाडी असल्याचं कळतं. ॲबॅडन ब्लॅक मग फक्त पत्र्यांच्या सांध्यांत, काखेत, बॅकपॅकखाली, जिथे उजेड पोचतच नाही तिथे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुम्ही कडा उजळल्या, पृष्ठभाग तसाच ठेवला. वस्तू गोल आहे की सपाट, हे डोळ्याला पृष्ठभागावरच्या उजेडावरून कळतं. कडेची रेघ फक्त पत्रा कुठे संपला ते सांगते.

एकच भाग घेऊन सांगते, नडगीवरचा पत्रा. समोरून पाहिलात तर ते अर्धं नळकांडं आहे. उजेड वरून आणि थोडा डावीकडून येतोय असं धरा, आणि एकदा धरलंत की दहाही मिनींना तोच ठेवा. सगळ्या पत्र्यावर कॉर्व्हस ब्लॅक. मग डार्क रीपर या गडद निळसर राखाडीत भरपूर पाणी, शाईहून जरासाच दाट होईपर्यंत. ब्रश त्यात बुडवला की आधी टिश्यूवर टेकवून जास्तीचं पाणी काढायचं. ही पायरी चुकवली की रंगाचं डबकं होतं आणि वाळल्यावर कडेने डाग उठतो. आता डाव्या बाजूने, वरच्या दोन तृतीयांश भागात उभा पट्टा, ब्रश खालून वर न्यायचा. ब्रश जिथे उचलता तिथे सगळ्यांत जास्त रंग साचतो, म्हणून उचलायचा तो गुडघ्याजवळ, उजेडाच्या जागी. वाळू द्या, पुन्हा तेच, पट्टा थोडा अरुंद. तीन थरांनंतर डार्क रीपरमध्ये निम्मा थंडरहॉक ब्लू घाला आणि फक्त वरच्या तिसऱ्या हिश्शात या. फेनरिशियन ग्रे, म्हणजे फिकट निळसर राखाडी, अगदी शेवटी, वरची कड आणि गुडघ्याकडचा कोपरा एवढ्यापुरताच.

पहिल्या थरानंतर काहीच फरक दिसणार नाही आणि ब्रश टाकून द्यावासा वाटेल. तिसऱ्या थराला पत्रा गोल व्हायला लागतो. तो क्षण मला आजही तितकाच आवडतो.

खडूचा तुकडा

काजळ यांची पद्धत सुंदर आहे, पण एका नडगीला वीस मिनिटं धरली तर तुकडी कधी पुरी व्हायची? चाळीस मिनींचं सैन्य उभं करायचं असलेल्यांसाठी दुसरा रस्ता सांगतो.

काळा प्रायमर वापरूच नका. राखाडी प्रायमर, त्यावर मोठ्या गोल ब्रशने पांढऱ्याचा ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर फिरवायचा, वरून खाली. ब्रश टिश्यूवर इतका पुसायचा की अंगठ्यावर फिरवला तर फक्त त्वचेच्या रेषा पांढऱ्या व्हाव्यात. मग सिटाडेलच्या कॉन्ट्रास्ट रंगांतला ब्लॅक टेम्पलर, सगळीकडे एकच हात. हे रंग २०१९ मध्ये आले आणि काळ्या सैन्याची माझी तरी अर्धी मेहनत वाचली. रंग खाचांत गडद बसतो, उंचवट्यांवरून ओघळतो आणि खालचा पांढरा तिथे राखाडी होऊन डोकावतो. पृष्ठभागावरचा उजेड म्हणजे काजळ म्हणतात तेच, फक्त ते काम ड्रायब्रशने आधीच उरकलेलं असतं. वर एक बारीक कड दिली की झालं.

मोठे सपाट पत्रे असतील तर मात्र ही पद्धत दगा देते. रंग मध्ये साचून ढगाळ डाग पडतात. ओला असतानाच कोरड्या ब्रशने जास्तीचा रंग टिपून घ्या. वाळायला लागला की हात लावू नका.

काजळ

मान्य. तुकडीला ही पद्धत, नायकाला ती. दोन्ही एकाच सैन्यात चालतात, फक्त शेवटची कड एकाच रंगाची ठेवा, म्हणजे सगळे एका घरचे दिसतात.

रात्रपाळी

फोटोबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मागे पांढरा कागद धरलात तिथेच गडबड झाली. कॅमेरा समोरच्या सगळ्या दृश्याचा उजेड सरासरी मधल्या राखाडीवर आणायला बघतो. चौकट पांढऱ्याने भरली की तो सगळंच गडद करतो आणि तुमची काळी मिनी सावलीत जाते. मागे काळं कापड धरलं तर उलट होतं, सगळं फिकट पडतं आणि चिलखत धुरकट दिसतं. मध्यम राखाडी कागद घ्या. फोनवर मिनीच्या छातीवर बोट टेकवून फोकस घ्या आणि उजेडाची पट्टी हवी तेवढी वर न्या. दोन दिवे, दोन्ही थोडे वरून, समोर पातळ पांढरा कागद लावून मऊ केलेले.

तुमच्या त्या पाच मिनी कदाचित फोटोत दिसतात तितक्या वाईट नसतील. पुन्हा काढून टाका.

पोलादी

एक प्रश्न: शिलेदार, तुमचा काळा कोणता?

चमत्कारिक वाटेल, पण मी दर वेळी रंग उघडण्याआधी हे कागदावर लिहितो. काळं चिलखत घालणारे किती तरी आहेत. रेव्हन गार्ड, आयर्न हँड्स, ब्लॅक लिजन, डेथवॉच, तुमचे टेम्पलर्स, आणि डार्क एंजल्समधले रेव्हनविंग. सगळ्यांना एकाच राखाडीने उजळलं तर फक्त खांद्यावरचं चिन्ह पाहून ओळखावं लागतं. मी रेव्हन गार्डच्या काळ्यात कँटर ब्लू मिसळतो, रात्री लपून चालणारी माणसं आहेत ती. आयर्न हँड्सचा काळा इशिन ग्रे, डॉनस्टोन, ॲडमिनिस्ट्रेटम ग्रे अशा कोरड्या राखाडीने वर नेतो, यंत्रासारखा. ब्लॅक लिजनच्या काळ्यात थोडा ऱ्हायनॉक्स हाइड, गडद तपकिरी. त्यांच्या चिलखताची किनार सोनेरी असते आणि सोन्याशेजारी तपकिरी काळा जास्त जुना, जास्त जड वाटतो. इन्क्युबाय डार्कनेस मिसळून हिरवट काळाही होतो, तो मी शापित, समुद्रातून वर आल्यासारख्या योद्ध्यांसाठी ठेवलाय.

नुसता पांढरा मिसळून काळा उजळू नका, ही विनंती. बहुतेक काळ्या रंगांत कार्बन ब्लॅक असतो, त्यात पांढरा गेला की थंड, खडूसारखा राखाडी निघतो. चित्रकारांच्या ॲक्रिलिकमधला मार्स ब्लॅक लोहाच्या ऑक्साइडचा असतो, तो पांढऱ्यासोबत तपकिरीकडे झुकतो. दोन्ही एका कागदावर शेजारी शेजारी उजळून पाहा, काळा हा एक रंग नाही हे लगेच पटेल.

आता तुमच्या टेम्पलर्सची खरी परीक्षा. चिलखत काळं, कमरेचा पट्टा काळ्या चामड्याचा, बंदुकीचं आवरण काळं, काहींचं कापडही काळं. चार काळ्या वस्तू एकमेकांना चिकटून. रंग बदलून त्या वेगळ्या होत नाहीत, उजेड कसा पडतो त्यावरून होतात. चिलखत गुळगुळीत आहे, म्हणून उजेडाचा ठिपका लहान, तेजस्वी आणि कडेला एकदम तुटणारा. कापडावर उजेड पसरट आणि मंद, घडीच्या माथ्यावरून हळूच खाली विरणारा, आणि सगळ्यांत उजळ जागासुद्धा डार्क रीपरच्या फार वर जायची नाही. चामडं या दोघांच्या मधलं, पण त्यावर बारीक आडव्या-उभ्या ओरखड्यांच्या रेघा, तपकिरीत. बंदुकीचं आवरण सपाट आहे, त्याला फक्त कड, आत काही नाही.

मी एकदा अख्खी मिनी फक्त दोन रंगांत केली, कॉर्व्हस ब्लॅक आणि फेनरिशियन ग्रे. तरी कापड कुठे आणि पोलाद कुठे हे पाहणाऱ्याने विचारलं नाही. तेव्हापासून काळा हा माझा आवडता रंग आहे.

शिलेदार

पोलादी, हा प्रतिसाद मी तीनदा वाचला. चार काळ्या वस्तू एकमेकांशेजारी आहेत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी सगळ्यांना तीच रेघ ओढली होती.

रात्रपाळी, राखाडी कागदावर पुन्हा फोटो काढले. छातीचं कोरीवकाम दिसतंय. म्हणजे होतं ते सगळंच वाया गेलं नव्हतं.

एक विचारायचं राहिलं. या पाच जणांना थोडं वेगळं रूप द्यायचं आहे. चिलखतावर धर्मवचनं कोरायची, कवट्या लावायच्या असं मनात आहे. पहिल्यांदाच करतोय.

तासणी

शिलेदार, माझ्या आवडीचा विषय काढलात.

आधी एक सांगते, ते काळ्या चिलखतालाच लागू आहे. कोरीवकाम करू नका. म्हणजे करा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. पिवळ्या किंवा हाडाच्या रंगाच्या चिलखतावर बारीक खोदकाम दुरून दिसतं. काळा आतलं सगळं गिळतो. काळ्या मिनीची ओळख तिच्या बाह्याकृतीत असते, म्हणून कापाकापी करायची ती बाह्याकृतीवर. पाठीमागे उडालेलं कापड, खांद्यावरून वर गेलेला मेणबत्त्यांचा जुडगा, उंच तलवार, मान किंचित पुढे झुकवलेली. मी मिनी जोडली की खिडकीसमोर उजेडाकडे धरते, नुसती सावली बघते. सावलीतून हा कोण ते कळलं तरच प्रायमर मारते.

मान झुकवायला काहीच लागत नाही. हेल्मेटच्या गळ्याखालचा गोळा थोडा तासायचा आणि प्लॅस्टिक सिमेंट लावून ते हवं तसं फिरवायचं. प्लॅस्टिक सिमेंट पॉलिस्टायरीनचे दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं, त्यामुळे दोन-तीन मिनिटं हलवता येतं. रेझिनच्या किंवा धातूच्या भागावर ते चिकटत नाही, तिथे सुपरग्लू. रेझिन तासताना पाणी लावून तासा आणि तोंडाला मास्क बांधा. ती धूळ फुप्फुसात जाऊ द्यायची नाही, यात तडजोड नको.

उडालेल्या कापडासाठी ग्रीन स्टफ, म्हणजे दोन भाग मळून वापरायची, नंतर कडक होणारी पुटी. निळी आणि पिवळी पट्टी शेजारी शेजारी येते, त्यांच्या मधली जी रेघ असते ती आधीच एकमेकांना लागून कडक झालेली असते. ती कापून टाका, नाहीतर मळलेल्या गोळ्यात कण राहतात आणि कापडावर पुटकुळ्या दिसतात. पिवळी जास्त घेतली तर मऊ आणि चिकट, निळी जास्त घेतली तर कडक आणि कडा धारदार. मी कापडाला पिवळी जरा जास्त घेते. पातळ लाटायचं, हत्यार सतत ओलं ठेवायचं, आणि अर्धा तास तसंच सोडायचं. मग ते रबरासारखं होतं आणि उचलून मिनीवर लावलं तरी घडी मोडत नाही. पूर्ण कडक व्हायला एक दिवस द्या.

मनगटाची साखळी तुटली असेल तर तांब्याच्या दोन बारीक तारा एकमेकींत पिळून, हलक्या हातोडीने चपट्या करा. या मापाला साखळीच वाटते. बंदुकीच्या नळीला १ मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडा. आणि मोल्ड लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथे मिनीवर राहिलेली उंच रेघ. काळ्या चिलखतावर कड उजळायला गेलात की ब्रश नेमका मोल्ड लाइनवरच अडकतो आणि मांडीच्या मधोमध पांढरी रेघ उमटते. प्रायमरनंतर दिसली तरी थांबा, तासा, पुन्हा प्रायमर द्या.

खडूचा तुकडा

मोल्ड लाइनबद्दल शंभर टक्के सहमत.

एक भर. हत्यारं बदलती ठेवायची असतील तर मनगटात चुंबकं बसवा. ध्रुव तपासून प्रत्येकावर मार्करने खूण करा, म्हणजे सगळ्या तुकडीचे हात एकमेकांना चालतात.

शिलेदार

तासणीताई, खिडकीसमोर धरून पाहिल्या. पाचपैकी तीन जणांची सावली अगदी सारखी होती. एकाची मान वळवली, दुसऱ्याचा तलवारीचा हात खांद्यापासून वर उचलला, तिसऱ्याला ग्रीन स्टफचं कापड. पहिला प्रयत्न कडेला फाटला, दुसरा जमला.

शोल्डर पॅडवरच्या क्रूसाचं मात्र अवघड दिसतंय. डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) लावला की भोवती चंदेरी कड येते.

पोलादी

ती कड म्हणजे डिकॅलखाली अडकलेली हवा. मॅट रंग खडबडीत असतो, त्यामुळे चिकटताना हवा राहते. आधी पॅडला ग्लॉस व्हार्निश, मग मायक्रो सेट हे डिकॅल बसवायचं द्रव लावून डिकॅल ठेवा, वाळत आला की तो मऊ करणारं मायक्रो सोल. मायक्रो सोल लावल्यावर डिकॅल आधी सुरकुततो. घाबरून बोट लावू नका, तो मऊ होऊन वाकावर बसतोय. पॅड फारच गोल असेल तर डिकॅलच्या कडेला दोन-तीन बारीक छेद द्या.

पॅडचा पांढरा थेट काळ्यावर चढवू नका, सात-आठ थर दिले तरी ढगाळच राहील. आधी फिकट राखाडी, मग पांढरा. आणि शुद्ध पांढरा फक्त वरच्या अर्ध्या भागात. मिनीवर काळं चिलखत खऱ्या काळ्याहून वर आणलंत, तसं पांढरं खऱ्या पांढऱ्याहून थोडं खाली ठेवलंत की दोन्ही एकाच उजेडात उभे दिसतात.

काजळ

व्हार्निशवर आलातच तर माझं एक दुखणं सांगते, तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून. दीड महिना खपून रंगवलेल्या सहा मिनींवर दमट हवेत मॅट स्प्रे मारला. पाच मिनिटांत सगळ्यांवर पांढरट बुरशीसारखा थर. लाल किंवा पिवळ्यावर तो कदाचित खपला असता, काळ्यावर लपायला जागाच नसते. त्या रात्री मी टेबलाचा दिवा बंद करून झोपले, बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एका मिनीवर ब्रशने ग्लॉस व्हार्निश लावून पाहिलं आणि ते पांढरं विरलं. ग्लॉस त्या खडबडीत थरात मुरतो आणि तो पुन्हा पारदर्शक होतो. चार वाचल्या, दोघींच्या काखेत थोडं राहिलंच. आता मी काळ्यावर स्प्रे मारतच नाही. ब्रशने लावायचं सॅटिन व्हार्निश, दोन पातळ हात. सॅटिनची थोडी चमक काळ्या पोलादाला शोभतेही. कापडावर तेवढं वेगळं मॅट.

रात्रपाळी

शेवटी मातीही लागू द्या त्यांना. काळं चिलखत धूळ फार छान दाखवतं. स्पंजचा तुकडा ऱ्हायनॉक्स हाइडमध्ये टेकवून, जवळजवळ कोरडा करून कोपऱ्यांवर थोपटा. प्रत्येक टवक्याच्या खालच्या कडेला केसाइतकी फिकट रेघ द्या. उजेड वरून येतो, तो टवक्याच्या खालच्या ओठावर पडतो, म्हणून टवका खोल दिसतो. पायांपासून गुडघ्यापर्यंत कोरडी तपकिरी धूळ, वर जाताना विरळ. बेस, म्हणजे मिनी उभी असते ती चकती, मात्र फिकट ठेवा, वाळू किंवा करडा दगड. काळ्या मातीवर काळे बूट उभे केले तर पाय गेले.

शिलेदार

सहावा पूर्ण झाला. ज्याचा हात उचलला होता तो.

काजळताई, तुम्ही म्हणालात तसंच झालं. दोन थर दिले तरी काही दिसेना, मी थांबणार होतो. तिसऱ्याला डाव्या नडगीवर उजेड उभा राहिला. मग उजवीकडे, मग मांडीवर. काल रात्री फक्त पायच केले. चामड्याच्या पट्ट्यावर तपकिरी ओरखडे, कापडाला उजेड कमी. पट्टा कुठे संपतो आणि चिलखत कुठे सुरू होतं ते आता हातभर अंतरावरूनही कळतं. उचललेल्या तलवारीच्या हाताखाली, काखेत मात्र खरा काळा ठेवलाय, अगदी ॲबॅडन ब्लॅक. तोच एक भाग जिथे तो लागला.

पहिल्या पाच मिनींचे रंग काढून टाकणार नाही असं ठरवलंय. कडांच्या रेघा आहेत तशा ठेवून आत पृष्ठभागावर डार्क रीपरचे पातळ थर चढवून बघतो. रेघ आधी आणि उजेड नंतर, उलटा क्रम आहे, पण जमेल असं वाटतंय. कुणी केलंय का असं?

काजळ

केलंय. जमतं. रेघेपाशी ब्रश थांबवा, तिच्यावर चढू देऊ नका. मध्येच कुठे चढलाच तर रेघ पुन्हा ओढायला फेनरिशियन ग्रे घ्या, डॉनस्टोन नको, म्हणजे नव्या पाचांशी जुळेल. आधी एकाच मिनीची एकच नडगी करा आणि फोटो इथे टाका.

रात्रपाळी

राखाडी कागदावर.